पोविसच्या किल्ल्यावर पाहुणे म्हणून जाण्याची रीत

परदेशात मित्राकडे राहायला जाणं आणि जमल्यास तिथला एखादा जुना किल्ला बघून येणं, या दोन्ही गोष्टी वरवर सोप्या वाटतात. त्यामुळेच त्यांचं रीतसर मार्गदर्शन कोणी केलेलं दिसत नाही. व्हिसाचा अर्ज कसा भरावा, विमानात पायांना सूज येऊ नये म्हणून काय करावं, हे सांगणारे उदंड आहेत. पण मित्राच्या बाथरूमची जमीन कोरडी कशी ठेवावी आणि आपल्याच मुलखातून गेलेल्या वस्तू तिकीट काढून बघताना चेहरा कसा ठेवावा, हे कोणी सांगत नाही. ती उणीव इथे भरून काढत आहोत. नमुन्यादाखल वेल्समधला पोविसचा किल्ला आणि त्याची बाग घेतली आहे. इतर किल्ल्यांना हेच नियम थोड्या फरकाने लावावेत. लंडनच्या टॉवरमध्ये मात्र राजमुकुटांसमोर सरकता पट्टा असल्यामुळे कोहिनूरपुढे चेहरा ठेवायला वेळ फार कमी मिळतो, त्याची तालीम घरूनच करून जावी.

मित्राची निवड

मित्र बर्मिंगहॅमच्या आसपासचा असावा. लंडनचा मित्र उपयोगाचा नाही. तो सकाळी तुमच्या हातात भुयारी रेल्वेचं कार्ड ठेवतो आणि थेट रात्री भेटतो. बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन, टेलफर्ड या पट्ट्यात मात्र तिकडच्या सरकारी रुग्णालयांत लागलेले आपले डॉक्टर आणि पुण्या-पिंपरीतून गेलेले संगणकवाले भेटतात. त्यांच्याकडे मोटार असते आणि आलेल्या पाहुण्यांना कुठे न्यायचं हा प्रश्नही असतो. स्ट्रॅटफर्डचं शेक्सपिअरचं घर त्यांनी प्रत्येक पाहुण्याबरोबर नव्याने बघितलेलं असतं. त्या घराचं नाव निघताच वहिनींच्या चेहऱ्यावर जे काही उमटतं ते हेरावं आणि लगेच म्हणावं, "त्यापेक्षा पोविसला जाऊ या का?" इथे तुम्ही निम्मी बाजी मारलेली असते.

"कधीही ये रे, घर तुझंच आहे," हे मित्राचं वाक्य शब्दशः घेऊ नये. तिकडच्या 'कधीही'तून वहिनींच्या रात्रपाळ्या, मुलाचं पोहणं, मुलीची पियानोची परीक्षा आणि बॉयलर दुरुस्तीवाल्याने दिलेली तारीख एवढं वजा करायचं असतं. जे उरतं त्याला तिकडे सुट्टी म्हणतात.

व्हिसासाठी मित्राकडून निमंत्रणाचं पत्र मागवावं. तुम्ही त्याच्याकडे आलात तर त्याला आनंद होईल, हे मित्राने लेखी देण्याचा आयुष्यातला हा एकमेव प्रसंग आहे, तेव्हा पत्राची एक प्रत काढून ठेवावी. त्यात येण्याच्या तारखेइतकीच ठळक जाण्याची तारीखही असते आणि वहिनींनी ती वाचलेली असते.

भेटवस्तूंच्या बाबतीत कायदा आधी समजून घ्यावा. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, श्रीखंडाच्या वड्या आणि आईने बरणीत भरून दिलेलं साजूक तूप या सगळ्यांचा प्रवास मुंबईच्या विमानतळाअलीकडेच संपला पाहिजे. बाकरवडी, मेतकूट, गोडा मसाला, भाजणी यांना अडचण नाही. हापूसचं प्रकरण वेगळं. २०१४ साली तर फळमाशीच्या कारणाने युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदीच घातली होती आणि ती पुढच्या वर्षी उठवली. ब्रिटन तेव्हा संघातच होता. मित्राने आंब्याचा विषय काढलाच तर "यंदा आंबा काही खास नव्हता," असं म्हणावं. हे वाक्य कोणत्याही वर्षी चालतं.

मुक्काम

याबद्दल थोडक्यात. बाथरूममध्ये बादली, तांब्या आणि जमिनीला जाळी यांतलं काहीही नसतं. पाणी सांडलं तर ते खालच्या दिवाणखान्याच्या छतातून मित्राला भेटायला जातं. घरातलं तापमान ठरवणारं बटण भिंतीवर दिसतं, त्याला हात लावू नये. स्वेटर घालावा. फोडणी करायची झाली तर वहिनींना विचारून, खिडकी उघडून आणि धुराच्या भोंग्याकडे एक डोळा ठेवून करावी. कचऱ्याचे डबे रंगांनुसार असतात आणि कोणत्या आठवड्यात कोणता रंग बाहेर ठेवायचा हे घरातल्या सर्वांत लहान मुलाला नेमकं ठाऊक असतं. त्याच्याशी सुरुवातीपासून गोडीत राहावं.

कूच

बर्मिंगहॅमहून वेल्शपूलला थेट रेल्वेही आहे, दीडेक तासात पोचवते. पण मित्राला मोटार चालवायची हौस असते आणि तुम्हाला ठेपले आणि दह्यातली चटणी घेऊन जायची असते, म्हणून मोटारच बरी.

वाटेत श्रूसबरी लागतं, तिथे अर्धा तास थांबावं. या गावात १८०९ साली चार्ल्स डार्विन जन्मला. ग्रंथालयापुढे त्याचा बसलेला पुतळा आहे. गावच्या चौकात मात्र उभा आहे तो रॉबर्ट क्लाइव्ह. तो इथून पार्लमेंटवर निवडून गेला होता आणि नगराध्यक्षही होता. हा पुतळा १८६० सालचा, म्हणजे क्लाइव्ह वारल्यानंतर शहाऐंशी वर्षांनी उभा केलेला. २०२० मध्ये तो हलवावा अशी मागणी झाली, अर्ज गेले, सह्या झाल्या. शेवटी तो ठेवायचा असंच तिथल्या कौन्सिलने ठरवलं. पुतळ्यांवरून सभा, ठराव आणि मतदान ही कामकाजाची पद्धत मराठी माणसाला परकी वाटायचं कारण नाही.

मित्राच्या मुलांना क्लाइव्ह कोण होता हे सांगण्याची ही योग्य जागा. ती तिकडच्या शाळेत शिकलेली असतात. त्यांना हेन्री राजाच्या सहा बायका क्रमवार पाठ असतात, प्लासी मात्र बहुधा नसते. सुरुवात प्लासीपासून करू नये, विजयदुर्गापासून करावी. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हचं पायदळ तुळाजी आंग्र्यांवर चालून गेलं, ते नानासाहेब पेशव्यांचे दोस्त म्हणून. निघण्यापूर्वीच इंग्रजांनी मुंबईत बसून लुटीची वाटणी आपापसात कागदावर ठरवून टाकली होती आणि त्या कागदात दोस्ताचं नाव नव्हतं. किल्ला पडला, आंग्र्यांचं आरमार जळालं, सुमारे दहा लाखांचा ऐवज हाती लागला. किल्ला पेशव्यांना द्यायचं ठरलेलं असूनही तो सोडायला पाहुण्यांनी कित्येक महिने लावले. प्लासी याच्या पुढच्या वर्षीची. तेव्हा मुलांना एवढंच सांगावं, की मित्राबरोबर किल्ल्यावर जाताना खर्चाचं आणि ठेपल्यांचं वाटप निघण्याआधी, सगळ्यांसमोर करावं.

वेल्सची हद्द लागली की पाट्या दोन भाषांत दिसू लागतात. आधी वेल्श, मग इंग्रजी असा क्रम बघून मराठी पाहुण्याचा ऊर भरून येतो आणि तो मुंबईतल्या दुकानांवरच्या पाट्यांचा सगळा इतिहास सांगायला घेतो. त्याला दहा मिनिटं द्यावीत, त्याहून जास्त नकोत. वेल्शपूलला एक जुनी छोटी रेल्वेही आहे, १९०३ सालची. तिचे रूळ अडीच फुटी, म्हणजे आपल्या बार्शी लाइटचे होते तितकेच. पाहुणा सोलापूर जिल्ह्यातला असेल तर ही माहिती त्याच्यापासून लपवावी. अन्यथा किल्ला बंद व्हायची वेळ होते आणि पाहुणा फलाटावरून हलत नाही.

बाग आधी

किल्ला आधी की बाग आधी, यावर तिकीट खिडकीपाशी घोळ घालत बसू नये. बाग आधी. त्याला कारण आहे.

पोविसचा किल्ला तांबूस दगडाचा, एका उंच कड्यावर. त्या कड्याच्या पोटात लांबच लांब आडव्या पायऱ्या कोरून काढल्यासारखे बागेचे मजले आहेत. वर-खाली विटांच्या भिंती, कठड्यांवर नाचणारे शिशाचे मेंढपाळ आणि मेंढपाळणी, मध्ये संत्र्याची झाडं हिवाळ्यात ठेवायची काचघरासारखी ओवरी, आणि खाली उतरत गेलात की हिरवळ. समोर दूरवर डोंगर. इटालियन धाटणीची ही बाग सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आखली गेली. पुढच्या शतकात असल्या मजल्यांच्या बागा मोडून 'नैसर्गिक' दिसणारं रान तयार करण्याची इंग्लंडभर टूम निघाली आणि ठिकठिकाणचे मजले सपाट झाले. इथले वाचले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेडी व्हायोलेट या उमरावीणबाईंनी बाग हाती घेतली. भाजीपाल्याचा मळा होता तिथून हलवून त्या जागी फुलबाग केली, कारण दिवाणखान्यातून कोबी दिसतो हे त्यांना सहन होईना. बाईंशी या मुद्द्यावर वाद घालता येत नाही.

आता य्यू नावाची सदाहरित झाडं. तीनशे वर्षांपूर्वी ती छोट्या, टोकदार, ओळीत लावलेल्या शोभेच्या झुडपांसारखी होती. मधल्या काळात त्यांच्याकडे कोणी कातरी घेऊन फिरकलं नाही. झाडं फुगत गेली, एकमेकांत मिसळली, आणि आज ती भाकरीचं पीठ मळताना मध्येच उठून गेल्यासारखी, वेडीवाकडी, फुगीर, तीन-चार मजली उंच उभी आहेत. त्यांना सरळ करायच्या फंदात आता कोणी पडत नाही. ज्या आकारात फुगली त्याच आकारात दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी पाळण्याच्या यंत्रात चढून माळी त्यांना कातरतात. हे काम कित्येक आठवडे चालतं. पुण्यातल्या सोसायटीत मेंदीचं कुंपण छाटायचं की नाही यावर दोन सर्वसाधारण सभा बसलेल्या पाहुण्याने इथे शांतपणे उभं राहावं.

बाग आधी बघायचं कारण हे, की तिचं कौतुक मोकळ्या मनाने करता येतं. हे मजले आखले गेले तेव्हा प्लासीला सत्तरएक वर्षं अवकाश होता. त्यामुळे "वा! काय नजर आहे!" असं मोठ्याने म्हणायला हरकत नाही. पुढची डागडुजी कोणाच्या पैशातून झाली हे बागेत विचारू नये. तेवढ्यासाठी वर किल्ला आहे.

बागेत आणि अंगणात मोर फिरतात. मुलं "आपला मोर!" म्हणून ओरडतात. मोराच्या नागरिकत्वाचा प्रश्न इथे काढू नये, तो इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या मित्रापर्यंत फार लवकर पोचतो.

किल्ल्यात

आत शिरताना पाठीवरची पिशवी पोटावर घ्यावी, म्हणजे वळताना एखादी फुलदाणी पडत नाही. कशालाही हात लावू नये. हा नियम फार कडक आहे. तो कधीपासून लागू झाला ते विचारू नये. जुन्या खुर्च्यांवर वाळलेली काटेरी बोंडं ठेवलेली असतात. ती सजावट नाही, बसू नका असं सांगण्याची ती सभ्य पद्धत आहे, जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या घरांतली. खेकसायला पहारेकरी ठेवण्यापेक्षा ही स्वस्त आणि परिणामकारक. आपल्याकडच्या लग्नात पुढच्या रांगेतल्या सोफ्यावर हा प्रयोग करून बघण्यासारखा आहे.

पाहुणचाराचा अभ्यास करणाऱ्याने राजेशाही शयनगृहात जरूर थांबावं. इथे पलंगाच्या अलीकडे सोनेरी वर्खाचा आडवा कठडा आहे. कठड्यापलीकडे कोणी जायचं हे ज्याच्या त्याच्या दर्जावर ठरे. मित्राच्या घरी तुम्हाला मुलीची खोली दिलेली असेल आणि ती तुमच्यामुळे भावाच्या खोलीत गादीवर झोपत असेल, तर तिला हा कठडा दाखवू नये.

मग क्लाइव्हचं दालन. आधी नातं समजून घ्यावं. रॉबर्ट क्लाइव्ह इथे कधी राहिला नाही, तो १७७४ साली लंडनला वारला. पोविसचे हर्बर्ट हे खानदानी आणि कर्जबाजारी. क्लाइव्हांकडे पैसा होता, खानदान नव्हतं. १७८४ मध्ये क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड आणि हर्बर्टांची मुलगी हेन्रिएटा यांचं लग्न झालं. हेन्रिएटाचा भाऊ अविवाहित वारला आणि इस्टेट भाच्याकडे आली, ती त्याने क्लाइव्ह आडनाव टाकून हर्बर्ट लावावं या अटीवर. दत्तक, आडनाव आणि इस्टेट या त्रिकोणाची ओळख असलेल्या मराठी वाचकाला यापेक्षा जास्त सांगायला नको.

आता वस्तू. आग्नेय आशिया, चीनकडचं काही वगळलं तर बहुतेक आपल्याकडचं. तलवारी, ढाली, हुक्के, हस्तिदंती सोंगट्या, देवांच्या मूर्ती. बंगालचा नवाब सिराज-उद-दौला प्लासीवर टाकून गेला म्हणून सांगितली जाणारी पालखी. रत्नं जडवलेलं सोन्याचं वाघाचं मुंडकं, टिपूच्या सिंहासनावरचं. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा एडवर्ड क्लाइव्ह मद्रासचा गव्हर्नर होता. सिंहासन अखंड होतं, पण अखंड सिंहासनाची सैन्यात हुद्द्याप्रमाणे वाटणी होत नाही, म्हणून ते फोडण्यात आलं. त्यातलं एक मुंडकं लेडी हेन्रिएटांना नजर झालं. त्याच युद्धातला टिपूचा तंबूही इथे आहे. पांढऱ्या सुती कापडावर छापील महिरपी आणि महिरपींत फुलदाण्या, अंधूक उजेडात जपलेला. एके काळी हर्बर्टांच्या बागेतल्या मेजवान्यांना तो मांडव म्हणून उभारत असत. रणातला तंबू लग्नाच्या मांडवासारखा वापरणं याला नाव काय द्यावं ते मित्राला विचारावं. तो "चल पुढे," म्हणेल.

दालनात वयस्कर स्वयंसेवक असतात. निवृत्तीनंतर हौसेने, बिनपगारी काम करणारी ही माणसं अतिशय सौजन्याने वागतात आणि खरोखर माहितगार असतात. त्यांच्यातले एखादे गृहस्थ हसून विचारतात, "लांबून आलात का?" यावर "हो, साधारण या पालखीइतक्या लांबून," हे उत्तर तुम्हाला सुचेल. ते मराठीत, मित्राच्या कानात द्यावं. इंग्रजीत "बर्मिंगहॅमहून, फार सुंदर दिवस आहे," असं म्हणावं. ज्यांनी काही नेलं नाही त्यांच्याशी भांडण काढू नये, आणि खरं सांगायचं तर या लोकांनीच ही माहिती हल्ली पाटीवर स्पष्ट लिहायला घेतली आहे. किल्ला १९५२ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. ट्रस्टने २०२० साली आपल्या वास्तूंचे साम्राज्याशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध मांडणारा अहवाल काढला, त्यात त्र्याण्णव ठिकाणांची नावं होती. त्यावरून ट्रस्टच्याच सभासदांत जुंपली. काहींनी वर्गणी बंद केली. घराण्याच्या इतिहासात काय लिहायचं नाही यावर तिकडेही एकमत नाही, हे बघून बरं वाटतं.

असे प्रश्न क्लाइव्हच्या हयातीतही निघाले होते. पार्लमेंटच्या चौकशीत त्याला विचारलं गेलं, की मुर्शिदाबादच्या खजिन्यातून इतका पैसा घेतलाच कसा. प्लासीनंतर नवाब झालेल्या मीर जाफरकडून त्याने दोन लाख चौतीस हजार पौंड घेतले होते. त्यावर, आपण तेव्हा किती कमी घेतलं याचंच आपल्याला नवल वाटतं, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं. हे उत्तर पाठ करून ठेवावं. संध्याकाळी वहिनी फ्रिज उघडून "उद्याच्या डब्याचं चीजकेक कोणी संपवलं?" असं विचारतात तेव्हा उपयोगी पडतं.

बाहेर चहाच्या दुकानात स्कोन मिळतो, आणि वेल्समध्ये आहात तर बारा ब्रिथ नावाचा मनुका घातलेला पाव घ्यावा, लोणी लावून. स्कोनवर साय आधी की जॅम आधी हा तिकडचा जुना तंटा आहे, त्यात पडू नये. बिल मित्र देतो. तुम्ही खिशात हात घालायचा असतो, पण घाई करायची नसते.

घरी कळवणे

फोटो टाकताना विचार करावा. वाघाचं मुंडकं किंवा तंबू घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला, की टिपू थोर की क्रूर यावर मुंबईतले काका आणि कोल्हापूरचे मेहुणे यांची रात्रभर लढाई चालते. सकाळी दोघांपैकी एक गट सोडून गेलेला असतो आणि त्याला परत आणायची जबाबदारी तुमच्यावर येते. पालखीचंही तसंच. क्लाइव्हचा फोटो टाकला तर "तिथे जाऊन पैसे दिलेसच का?" असं विचारणारा एक भाचा प्रत्येक घरात असतो. त्याच्या प्रश्नाला उत्तर नाही, म्हणून फोटोही नको.

टाकायचा तो फक्त फुगलेल्या य्यूच्या कुंपणाचा फोटो. त्यावर सगळे एकत्र येतात. आत्या विचारतात, पाणी किती लागत असेल. काका विचारतात, कातरलेला पाला टाकतात कुठे. इथे तुम्ही सांगावं, की युरोपातल्या य्यूच्या पानांतून कॅन्सरवरच्या एका औषधाचा कच्चा माल निघतो आणि कुंपणांची कातरणं त्यासाठी गोळा केली जात असत. मग दहा मिनिटं गट शांत राहतो, आणि नंतर मोठ्या काकूंचा निरोप येतो, "येताना मूठभर घेऊन ये, गुडघ्याला उकळून लावून बघते." याचं उत्तर मात्र उद्यावर ढकलू नये. पान, फांदी, बी सगळं विषारी आहे, असं त्याच मिनिटाला, मोठ्या अक्षरांत कळवावं.